चित्राखालचे नाव

इतिहासाचा तास माझा नव्हे. मी चित्रकलेचा मास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे; पुढे एलिमेंटरी, इंटरमिजिएट अशा परीक्षा देत देत चित्रकला शिक्षकाची पदविका पदरात पाडून घेतली आणि डहाणू तालुक्यातल्या एका शाळेत खडूफळ्याला चिकटलो. घर मसोलीला. संध्याकाळी कादंबऱ्या लिहितो. त्या कोण वाचते हे प्रकाशकाला ठाऊक, मला नाही. परंतु शाळेत कोणी मास्तर रजेवर गेले, की त्यांच्या वर्गावर पाठवायला पहिला सापडतो तो चित्रकलेचा मास्तर. त्याचा तास म्हणजे तास नव्हेच, अशी सर्वांची प्रामाणिक समजूत असते. नऊ-दहा वर्षांपूर्वी असाच मी सातवीच्या वर्गावर इतिहास शिकवायला गेलो.

विषय होता उत्तर पेशवाई. सनावळ्यांची मला धास्ती. म्हणून कपाटातले एक चित्र घेऊन गेलो. कोणत्या तरी जुन्या दिनदर्शिकेवरून कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेले. मध्ये बैठकीवर तरुण सवाई माधवराव पेशवे, गळ्यात मोत्यांचे सर. शेजारी नाना फडणवीस, उंच, सडसडीत, डोळ्यांत झोप नसलेला माणूस. मागे सेवक उभे. पुष्कळ मराठी वाचकांनी हे चित्र कधी ना कधी पाहिलेले असते. सवाई माधवराव म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जो चेहरा येतो, तो या चित्रातूनच आलेला आहे.

मी मुलांना म्हटले, “हे बघा आपले पेशवे. आपला हा सगळा डहाणूचा किनारा १७३९ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून घेतला. तेव्हा हे गृहस्थ आपलेही धनीच.” मुले हसली. धनी वयाने फारच लहान दिसत होता.

शेवटच्या बाकावर एक वारली मुलगी बसत असे. बोलणे जवळजवळ नाहीच. पाड्यावरून पाऊण तास चालत यायची. तिने त्या दिवशी हात वर केला आणि विचारले, “गुरुजी, ह्या कोणी काडला?”

मी पुठ्ठा उलटून पाहिला. मागे खळ वाळून पापुद्रे आले होते. पुढे चित्राखाली पेशव्यांचे नाव होते, नानांचे नाव होते.

“असेल कोणी साहेब,” मी म्हटले.

“त्याचा नाव नाय?”

“नाव नाही लिहीत. चित्र ज्याचे असते त्याचे नाव लिहितात.”

ती खाली बसली. वाक्य माझ्या तोंडून सहज गेले. त्याचे दोन अर्थ होतात हे मला पुष्कळ उशिरा कळले.

*

त्याच वर्षी शाळेत स्नेहसंमेलन आणि प्रदर्शन होते. बाहेरचे पाहुणे येणार म्हणून पटांगणाकडची लांब भिंत रंगवायचे ठरले. डहाणूच्या शाळेत भिंत रंगवायची म्हणजे वारली चित्र काढायचे, यात मतभेद असण्याचे कारण नव्हते. आमच्या तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हशांनी ही चित्रे जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले. पंचतारांकित हॉटेलांच्या भिंतीपासून साड्यांच्या काठांपर्यंत ती त्रिकोणांची माणसे नाचताना दिसतात. मीसुद्धा पुस्तकात बघून ती काढू शकतो. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवायचे, वर एक गोल, की माणूस झाला. असे मला वाटत असे.

मी भिंतीला गेरू लावून घेतला, पांढरा रंग आणला, दोन नंबरचे ब्रश आणले आणि सातवीच्या चार मुली कामाला लावल्या. त्यांतली ही एक. तिने माझा ब्रश हातात धरून पाहिला आणि परत दिला. कुंपणाची बांबूची काडी तोडून तिचे टोक दाताने चावून चावून मऊ केले आणि त्याने सुरुवात केली. बाकीच्या तिघी हळूहळू रंग कालवायच्या कामाला लागल्या. कोणी कोणाला तसे सांगितले नव्हते.

तीन दिवस ती भिंतीपुढे होती. तिच्या आजीबरोबर लग्नघरी जाऊन तिने चौक काढताना पाहिला होता. वारल्यांच्या लग्नात घरातल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने देवचौक काढतात, मध्ये पालघट देवी बसवतात. धवलेरी गाणी म्हणते आणि लग्न लावते. चौक झाल्यावाचून लग्न नाही. त्या भिंतीवर कोणी सही करीत नाही. माझ्या भिंतीवर चौक नव्हता, पण बाकी सगळे होते. तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती कमरेला हात घालून फिरणारी रांग, ताडावर चढलेला माणूस, खाडीतल्या होड्या, चिकूच्या वाडीत झेल्याने चिकू उतरवणारे मजूर, आणि सगळ्यांच्या वरून गेलेली विरारकडची गाडी. गाडीच्या प्रत्येक खिडकीत एक डोके होते. मी मोजायला गेलो आणि मध्येच सोडून दिले. उजव्या कोपऱ्यात दोन त्रिकोणांचा एक माणूस छत्री धरून उभा होता. त्याचा वरचा त्रिकोण जरा रुंद आणि खालचा जरा आखूड होता. छत्री मीच नेतो, पावसात आणि उन्हातही. मुलींनी ते ओळखून हसून घेतले. मीही हसलो. माझे चित्र आजवर दुसऱ्या कोणी काढलेले नाही.

पाहुणे यायच्या आदल्या संध्याकाळी मी माझा ब्रश घेतला आणि भिंतीच्या खालच्या कडेला सुबक अक्षरांत लिहिले : “मार्गदर्शन :” आणि पुढे माझे नाव, त्यापुढे “चित्रकला शिक्षक.” अक्षरलेखनात मला परीक्षेत चांगले गुण होते.

मुलींची नावे लिहायची राहिली असे मी म्हणू शकत नाही. ती लिहायचे माझ्या मनात आलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी फोटो निघाले. जवळपासच्या एका लहानशा वर्तमानपत्रात भिंत छापून आली आणि खाली माझे नाव. घरी बायकोने ते कात्रण कापून ठेवले. ती मुलगी भिंतीसमोर थोडा वेळ उभी राहिलेली मी पाहिली. तिला वाचता येत होते, मीच काय, आम्ही सर्वांनी मिळून तिला शिकवले होते. तिने काही विचारले नाही. दिवाळीनंतर तिच्या घरची माणसे वीटभट्टीवर गेली, आणि जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा शेवटच्या बाकावर दुसरी कोणी बसली होती. वीटभट्टीमुळे मुले शाळा सोडतात ही आमच्याकडे रोजची गोष्ट. मी त्या कारणावर समाधान मानले.

*

पुढे काही वर्षांनी सवाई माधवरावांवर कादंबरी लिहायचे मी मनावर घेतले. शनिवारवाड्यातून पडून एकविसाव्या वर्षी गेलेला तो मुलगा मला सोडीना. त्याच्या अंगरख्याचा रंग, पागोट्याची ठेवण पाहायची म्हणून ते जुने चित्र शोधत मी सुटीच्या दिवशी पहाटेची लोकल धरून मुंबईला जाऊ लागलो. दादरच्या एका ग्रंथालयात एका जाड पुस्तकात ते चित्र मोठ्या आकारात सापडले. खाली लिहिले होते : जेम्स वेल्स, १७९२. मूळ चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत.

म्हणजे साहेबाला नाव होते. मी ते पाहिले नव्हते, इतकेच.

मग अंगरखा बाजूला राहिला आणि मी या वेल्सच्या मागे लागलो. हा माणूस स्कॉटलंडमधला, ॲबर्डीनशायरच्या पीटरहेड नावाच्या बंदराच्या गावचा, जन्म १७४७चा. ॲबर्डीनच्या मॅरिशल कॉलेजात शिकला. चित्रकला मात्र बहुतांशी स्वतःची स्वतःच शिकला. लंडनच्या रॉयल ॲकॅडमीच्या प्रदर्शनात त्याची चित्रे लागली, परंतु नाव झाले नाही. रेनॉल्ड्स आणि गेन्सबरो यांच्या त्या दिवसांत लंडनमध्ये तसबिरी काढून पोट भरू पाहणारे चित्रकार पुष्कळ होते. अशांना हिंदुस्थान हा एक मार्ग दिसे. टिली केटल १७६९ साली मद्रासला उतरला आणि नबाबांच्या तसबिरी काढून पैसा घेऊन गेला. झोफनी लखनौला राहून आला. राजे, नबाब आणि कंपनीचे श्रीमंत अधिकारी यांना आपले चेहरे कापडावर हवे होते. वेल्सने कंपनीची परवानगी काढली आणि १७९१ साली तो मुंबईला उतरला. तेव्हा त्याचे वय चव्वेचाळीस. मी हे वाचले त्या वर्षी माझेही तेवढेच होते. या वयात घर सोडून समुद्रापलीकडे नशीब काढायला जाणाऱ्या माणसाबद्दल मला एकदम आपलेपणा वाटला. या वयाचा मी, डहाणूहून दादरला जायचे तर आदल्या रात्री डबा भरून ठेवतो.

पुण्यात तेव्हा कंपनीचा वकील होता चार्ल्स मॅलेट. त्याच्या शब्दावर वेल्सला दरबारात प्रवेश मिळाला. १७९२ साली पुणे भरलेले होते. त्या उन्हाळ्यात महादजी शिंदे उत्तरेहून आले होते; नाना आणि महादजी यांच्यातली चढाओढ सगळ्या शहराला जाणवत होती. अशा वेळी हा परका माणूस रंगाच्या वाट्या घेऊन एकेकासमोर बसला. त्याने पेशव्यांना काढले, नानांना काढले, महादजींना काढले. बखरकारांनी यांच्याविषयी पुष्कळ लिहिले आहे, पण प्रत्येकाने कोणाची ना कोणाची बाजू घेऊन. वेल्सलाही बाजू होतीच. तो कंपनीच्या माणसाच्या आश्रयाने आला होता, पैशासाठी आला होता. तरीही तसबीर काढायला बसलेल्या माणसाला समोरच्याकडे तासन्‌तास पाहावे लागते, आणि इतका वेळ पाहिल्यावर समोरचा माणूस केवळ शत्रू किंवा केवळ गिऱ्हाईक राहत नसावा. त्या चित्रातल्या पेशव्याच्या चेहऱ्यावर दागिन्यांच्या भाराखाली एक अठरा वर्षांचा मुलगा बसला आहे. त्याला उठून बाहेर जायचे आहे, आणि शेजारचा वडीलधारा माणूस उठू देत नाही. कादंबरीची दोनशे पाने लिहून मला जे साधत नव्हते, ते त्या स्कॉच माणसाने एका चेहऱ्यात सांगून ठेवले होते.

१७९५ च्या ऑक्टोबरात तो मुलगा वाड्यातून पडला आणि गेला. त्यानंतर महिनाभरातच, नोव्हेंबरात, वेल्स ठाण्याच्या बाजूला मरण पावला. वय अठ्ठेचाळीस. कोकणातल्या आणि दख्खनच्या लेण्यांची चित्रे काढण्याच्या कामात तो पुरता बुडालेला होता आणि ते काम अर्धे राहिले. त्याने काढलेली मुंबईची बारा दृश्ये पुस्तकरूपाने लंडनला निघाली ती १८०० साली; त्याने ती पाहिली नाहीत. त्याची मुलगी सुझॅना १७९९ साली त्याच चार्ल्स मॅलेटची बायको झाली. सासऱ्याचे कागद जावयाच्या घरी राहिले. त्या कागदांवरून टॉमस डॅनिअल या चित्रकाराने दोन कामे केली. एक, पुणे दरबाराचे मोठे चित्र : १७९० साली टिपूविरुद्ध झालेला तह, मॅलेट दरबारात बसलेला, भोवती सरदारमंडळी. हे १८०५ चे चित्र आज लंडनच्या टेट संग्रहात आहे. तहाच्या वेळी डॅनिअल तिथे नव्हता, आणि वेल्स तर त्या वर्षी हिंदुस्थानातही आलेला नव्हता. वेल्सने नंतर एकेकट्या माणसांचे चेहरे टिपून ठेवले होते, त्यांना डॅनिअलने विलायतेत बसून एका दालनात एकत्र बसवले. दुसरे काम, वेरूळच्या लेण्यांचे चोवीस चित्रांचे पुस्तक, १८०३ चे. त्याच्या मुखपृष्ठावर छापले आहे की ही चित्रे जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून, टॉमस डॅनिअलच्या देखरेखीखाली कोरली.

‘देखरेखीखाली’ या शब्दाशी मी थांबलो. तो कुठे तरी वाचल्यासारखा वाटला. मग आठवले. मीच तो भिंतीवर लिहिला होता, थोड्या वेगळ्या अक्षरांत.

*

वेरूळच्या डोंगरात वेल्सच्या आधी एक मराठी माणूस चित्रे काढायला जाऊन आला होता. त्याचे नाव गंगाराम चिंतामण तांबट. पुण्याचा. वेल्स पुण्यात यायच्या आधीच, १७९० च्या नोव्हेंबरात, त्याने पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातला गेंडा कागदावर उतरवला होता. मॅलेटने त्याचा हात ओळखला. पुढे मॅलेटच्या सूचनेवरून शनिवारवाड्यात चित्रशाळा सुरू झाली, वेल्स तिथे शिकवू लागला आणि गंगाराम त्याचा शिष्य आणि मदतनीस झाला. विलायती पद्धतीचे दूर-जवळ, उजेड-सावली हे त्याने शिकून घेतले. मॅलेटने त्याला वेरूळला पाठवले. त्या काळी तिथे पोहोचणे सोपे नव्हते, आणि लेण्यांच्या आत उजेड किती असणार! त्या अर्धवट अंधारात बसून त्याने खांब मोजले, मूर्ती उतरवल्या. मॅलेटने वेरूळवर ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये लेख लिहिला, त्याला गंगारामच्या चित्रांचा आधार होता. मागून वेल्सनेही वेरूळ गाठले. परंतु लंडनला ते देखणे पुस्तक निघाले तेव्हा मुखपृष्ठावर नावे दोन : वेल्स आणि डॅनिअल. तांबटाला तिथे जागा झाली नाही.

त्याचे नाव आज आपल्याला ठाऊक आहे, याचे कारण मॅलेटच्या घराण्यात राहिलेले कागद. ते पुढे अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात गेले. आमच्या शाळेच्या संगणकावर एका दुपारी मी ते उघडले. पुण्याचा गेंडा अमेरिकेहून डहाणूला आला, आणि तोही मधल्या सुटीत. मी त्याच्याकडे पाहत राहिलो. अंगावरच्या जाड कातडीच्या घड्या, खाली झुकलेले तोंड. बऱ्याच वेळाने मला कळले की घंटा होऊन गेली आहे.

वेल्सवर रागवावे असे मला क्षणभर वाटले. पण ते जमेना. मुखपृष्ठ छापायला तो जिवंत नव्हता. जिवंत असताना त्याने शिष्याला आपली विद्या हातची न राखता दिली असावी. गंगारामच्या नंतरच्या चित्रांत, पर्वतीच्या डोंगराच्या १७९५ च्या चित्रात, ती दिसते. आणि वेल्सचे तरी काय झाले? त्याने ज्यांचे चेहरे आपल्याला दिले, त्या आपणच त्याचे नाव चित्राखालून कापून टाकले आणि पुठ्ठ्याला खळ लावली. ज्यांची नावे शीर्षकात आहेत त्या दोघांच्या मागे सेवक उभे आहेत. त्यांचेही चेहरे वेल्सने मन लावून काढले आहेत, पण शीर्षकात ते फक्त ‘सेवक’. प्रत्येक जण आपल्या मागे उभ्या असलेल्याला विसरतो, आणि हे विसरणे काही दुष्टपणाने होत नाही. ते अगदी साध्या, सुबक अक्षरांत होते. मला ते चांगले ठाऊक आहे. अक्षर माझेच होते.

*

त्या मुलीचे नाव मला आठवत नव्हते.

हे लिहिताना हात अडखळतो, पण खरे तेच आहे. तिचा हात आठवत होता, चावलेली काडी आठवत होती, छत्रीवाला माणूस आठवत होता. नाव नाही. मी जुने हजेरीपट काढले. वाळवीने कडा खाल्लेल्या एका पटात सातवीच्या मुलींत चोविसाव्या क्रमांकावर ते होते. जानेवारीपर्यंत हजेरीच्या खुणा, पुढे शून्यांची रांग, शेवटी लाल शाईत ‘गैरहजर’. हजेरीपटात तेवढे ते नाव कोणी वगळले नव्हते.

तिचे लग्न होऊन ती तलासरीच्या बाजूला एका पाड्यावर नांदते, असे तिच्या चुलतभावाकडून कळले. गेल्या मार्गशीर्षात एका रविवारी मी गेलो. घर अर्धे कुडाचे, अर्धे विटांचे. ती अंगणात भात वाळत घालीत होती. कडेवर वर्षाचे मूल. मला तिने लगेच ओळखले. छत्री होतीच. सासूने खाट टाकली, कोरा चहा आणला.

कशाला आलो हे मला नीट सांगता येईना. मग मी खिशातला फोन काढून तिला गेंडा दाखवला. म्हटले, हा पुण्याच्या एका माणसाने काढला, सव्वादोनशे वर्षांवर झाली. तिने मूल सासूकडे दिले, हात पुसले आणि पुष्कळ वेळ पाहिले.

“त्याने बघून काढलाय,” ती म्हणाली. “ऐकून नाही.”

मग पेशव्यांचे चित्र दाखवले. म्हटले, “तू विचारले होतेस, कोणी काढले. जेम्स वेल्स त्याचे नाव.” तिला आपण विचारल्याचे आठवत नव्हते. ते मला एकट्यालाच आठवत होते.

शेवटी मी भिंतीची गोष्ट काढली. चूक झाली, तुझे नाव मी लिहायला हवे होते, असे काहीसे बोललो. आता मासिकात लिहिणार आहे, त्यात तुझे नाव छापतो, असेही म्हटले. हे बोलताना मला आपल्या मोठेपणाची थोडी ऊब वाटत होती, हे कबूल केले पाहिजे.

ती भातात पाय फिरवीत राहिली. मग म्हणाली, “चौकावर नाव नसतं गुरुजी. माझी आजी जन्मभर चौक काढत होती, तिचं कुठं आहे? तिच्या आजीचं कुठं आहे? माझं नाव नव्हतं, त्याचं मला काही नाही.” थोडी थांबली. “पण तुमचं का लिहिलं?”

या प्रश्नाला मी घरून काही उत्तर आणलेले नव्हते. मी सगळा विचार करून गेलो होतो तो एका नावाच्या उणिवेचा. मला वाटत होते की वेल्सच्या चित्राखाली वेल्सचे, वेरूळच्या पुस्तकावर तांबटाचे आणि भिंतीवर तिचे नाव लिहिले की हिशेब पुरा होतो. ती ज्या घरात वाढली तिथे चित्र एकट्याचे नसते. त्यात आज्यांचा हात असतो, सवाशिणींचा असतो, गाणारीचा असतो. तिथे नाव नसण्यात अपमान नाही. जिथे कोणाचेच नाव लिहायचे नाही, तिथे एकट्यानेच आपले लिहून ठेवणे, यात मात्र आहे.

“चुकलो,” मी म्हटले. त्याहून जास्त काही बोलता आले नाही.

“ती भिंत आहे का अजून?” तिने विचारले.

नव्हती. दोन वर्षांनी शाळेची रंगरंगोटी झाली तेव्हा तिच्यावर निळा रंग बसला. मी तसे सांगितले. तिला फारसे वाईट वाटलेले दिसले नाही. लग्नातला चौकही काही कायमचा नसतो. दुसरे लग्न निघाले की भिंत पुन्हा सारवतात आणि पुन्हा काढतात. “मग तुमचं नावपण गेलं,” ती म्हणाली आणि हसली. सासूही हसली. मीही हसलो, पण जरा उशिरा.

निघताना तिने विचारले, त्या गेंडा काढणाऱ्याला मुले होती का, त्यांनी पुढे चित्रे काढली का. मी इतकी पुस्तके चाळली, पण हा प्रश्न घेऊन एकही चाळले नव्हते.

तिचे नाव मी इथे छापत नाही. मी विचारले होते. तिने मान हलवली, आणि ती ‘नको’ची होती.

कात्रण अजून घरी आहे. बायकोने ते जपून ठेवले आहे आणि मीही ते फाडले नाही. माझ्या अक्षरांच्या वर ती गाडी आणि तिच्या खिडक्यांतली डोकी काळी-पांढरी का होईना, तेवढ्यातच शिल्लक आहेत. पेशव्यांचा पुठ्ठा मी शाळेच्या कपाटातून काढून वर्गात लावला. खाली खडूने लिहिले : ‘चित्रकार : जेम्स वेल्स, १७९२.’ खडू पुसला जातो, म्हणून दर सोमवारी पुन्हा लिहावे लागते. परवा एका मुलाने विचारले, “गुरुजी, मागे उभे आहेत ते कोण?” मी त्याला ‘सेवक’ असे सांगणार होतो. मग म्हटले, ये, जवळ ये, आधी त्यांच्याकडे नीट बघ. तो पुढे आला आणि पुठ्ठ्याला नाक लावून बघत राहिला. बाहेर तास संपल्याची घंटा झाली. तास इतिहासाचा होता. पुढचा माझा होता, म्हणून मी त्याला तसेच बघू दिले.